पाणी किती फुटांवर, आणि चढतंय की उतरतंय? : आपल्या भागातल्या साथीचे आकडे ठेवण्याची रीत

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण जाणता माणूस तेवढ्यावर थांबत नाही. सकाळपासून किती चढलं, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत, गगनबावड्याकडे पाऊस कसा आहे, हेही तो विचारतो. बंधाऱ्यावरचा आकडा हा वर काही तासांपूर्वी घडून गेलेल्या गोष्टींचा परिणाम असतो, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं.

साथीचे आकडे नेमके असेच वाचायचे असतात. आज किती रुग्ण, हा एक प्रश्न झाला. गेल्या आठवड्यापेक्षा चढ आहे की उतार, हा दुसरा आणि जास्त महत्त्वाचा. आणि वरच्या पाणलोटात, म्हणजे तापाच्या बाह्यरुग्णांत आणि तपासण्यांत काय चाललंय, हा तिसरा.

हा लेख तालीम मंडळ, ग्रामपंचायत, महिला बचत गट, गृहनिर्माण सोसायटी किंवा शाळेसाठी असे आकडे ठेवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी आहे. लागतं फार थोडं: एक नेमलेला माणूस, तो नसेल तेव्हा एक बदली, एक वही किंवा मोबाइलवरचा एक्सेलचा तक्ता, आणि साथ चालू असताना रोजची पंधरा मिनिटं. बेरीज, भागाकार आणि टक्केवारी आली की गणित पुरतं.

आधी हद्द ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

तुम्ही ‘कोल्हापूर’ म्हणता तेव्हा नेमकं काय म्हणता? कोरोनाच्या काळात राज्याच्या रोजच्या पत्रकात ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापूर मनपा’ अशा दोन वेगळ्या ओळी असत. पहिल्या ओळीत महानगरपालिका सोडून उरलेला जिल्हा, दुसरीत फक्त शहर. जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर दोन्हींची बेरीज करावी लागे. त्याच पत्रकात खाली ‘कोल्हापूर मंडळ एकूण’ अशीही ओळ असे. ती जिल्ह्याची नव्हे. आरोग्य खात्याच्या कोल्हापूर मंडळात कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे चार जिल्हे येतात. ती ओळ जिल्ह्याची समजली की चार जिल्ह्यांचे रुग्ण एकट्या कोल्हापूरच्या नावावर पडतात.

जिल्ह्याच्या पत्रकातही असाच खड्डा होता. तिथे बारा तालुक्यांच्या ओळी असत, त्याशिवाय ‘नगरपरिषद क्षेत्र’ ही वेगळी ओळ, मग महानगरपालिका आणि शेवटी ‘इतर जिल्हे व राज्य’. म्हणजे हातकणंगले तालुक्याच्या ओळीत इचलकरंजी धरलेली नसे, ती नगरपरिषदांच्या ओळीत जाई. इचलकरंजीची महानगरपालिका झाली २०२२ मध्ये. त्यामुळे तेव्हाची ओळ आणि आताची ओळ थेट शेजारी ठेवता येत नाही.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. उचगाव, पाचगाव, कळंबा, गांधीनगर ही गावं शहराला चिकटलेली असली तरी महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, करवीर तालुक्यात मोडतात. पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात. रस्त्याच्या अलीकडचा रुग्ण एका ओळीत आणि पलीकडचा दुसऱ्या ओळीत, असं इथे रोज घडतं. अशा ठिकाणी शहर आणि करवीर या दोन्ही ओळी शेजारी-शेजारी लिहाव्यात. नुसतं शहर पाहून निर्धास्त होऊ नये.

वहीच्या पहिल्या पानावर शाईनं लिहा: आपलं क्षेत्र कोणतं, त्यात काय येतं, काय येत नाही, आणि लोकसंख्या किती धरली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आणि कोल्हापूर महानगरपालिका क्षेत्राची ५,४९,२३६. हा आकडा आता जुना झाला आहे, शहर वाढलं आहे, हे खरं. तरीही एकच आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत धरलेला बरा. मध्येच कुणीतरी ‘आता साडेसहा लाख असतील’ म्हणून लोकसंख्येचा हा छेद (रुग्णसंख्येला ज्यानं भागायचं तो आकडा) बदलला की आलेख खाली येतो आणि साथ ओसरली असं वाटतं.

आकडा कुठून येतो, कुणाकडे मागायचा

गावात माहितीची सुरुवात आशाताई आणि उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकेपासून होते. तिथून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात पोचते. शहरात ही वाट नागरी आरोग्य केंद्रातून महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते. सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय) आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा, इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय, खासगी दवाखाने आणि खासगी लॅब यांचे अहवाल वेगवेगळ्या वाटांनी येऊन या प्रवाहाला मिळतात. प्रत्येक संगमावर थोडा उशीर होतो.

देशभर यासाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. त्यात तीन फॉर्म असतात आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. एस फॉर्म आरोग्य कर्मचारी भरतात, निव्वळ लक्षणांवरून: ताप, खोकला, जुलाब. पी फॉर्म डॉक्टर भरतात, तपासून केलेल्या अंदाजावरून. एल फॉर्म प्रयोगशाळा भरते, खात्री झालेल्या रुग्णांचा. एप्रिल २०२१ पासून हे काम नव्या ऑनलाइन व्यवस्थेत होतं, पण तीन पायऱ्या त्याच. एखादा डॉक्टर ‘डेंग्यूचे ४०’ म्हणतो आणि आरोग्य विभाग ‘डेंग्यूचे ६’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा कुणी खोटं बोलत नसतं. एकजण संशयित सांगतो, दुसरा एलायझा या रक्तचाचणीनं खात्री झालेले. वहीत ‘संशयित’ आणि ‘खात्रीचे’ हे दोन रकाने वेगळे ठेवा आणि त्यांची बेरीज कधीही करू नका.

आकडे मागायला जाताना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी भेटा. काय करणार आहोत, कशासाठी, हे सांगा. नावं किंवा पत्ते नकोत, फक्त गावनिहाय संख्या हवी, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा. सोमवार ते रविवार असा आठवडा आरोग्य खातं धरतं, तुम्हीही तोच धरा. नवा आठवडा सुरू झाल्यावर मंगळवारी विचारलं तर मागच्या आठवड्याचा आकडा बहुतेक तयार असतो. रोज फोन करून कर्मचाऱ्यांना बेजार करू नये. लाटेच्या ऐन भरात त्याच माणसांवर नमुने, लसीकरण आणि घरभेटी एकदम पडलेल्या असतात.

जुने आकडे हवे असतील आणि सहज मिळत नसतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘कोरोनाची सर्व माहिती’ असं लिहाल तर हाती काही लागत नाही. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, आठवडावार, गावनिहाय, तपासण्या आणि बाधित यांची संख्या’ असं नेमकं लिहा.

वही कशी आखायची

रकाने इतकेच: पत्रकाची तारीख, नवे रुग्ण, अहवाल आलेल्या तपासण्या, नवे मृत्यू, भरलेल्या खाटा, आकडा कुठून घेतला, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा. दोन महिन्यांनी तोच कामाला येतो.

तीन नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

पत्रकात आलेला आकडाच लिहा, स्वतः वजाबाकी करून काढलेला नव्हे. एकूण रुग्णसंख्येतून कालची एकूण वजा केली की ‘आजचे नवे’ मिळतील असं वाटतं. पण जुन्या नोंदी दुरुस्त झाल्या, दुबार नावं काढली, पत्ते दुसऱ्या जिल्ह्यात हलवले, की वजाबाकी चुकते. कधी उणे आकडाही येतो. वजाबाकी करायचीच तर वेगळ्या रंगात लिहा.

शून्य आणि रिकामी जागा एक नव्हेत. रुग्ण नसतील तर शून्य लिहा. पत्रकच आलं नसेल तर रेघ ओढा. या दोन्हींना सारखं धरलं की सरासरी बिघडते आणि कुठे बिघडली ते नंतर सापडत नाही.

चुकलेला आकडा खोडू नका. वर रेघ मारून शेजारी नवा लिहा आणि दुरुस्तीची तारीख टाका.

आणि तारीख कोणती, हेही पक्कं करा. एकाच रुग्णाला चार तारखा असतात: लक्षणं सुरू झाली तो दिवस, नमुना दिला तो दिवस, अहवाल आला तो दिवस, पत्रकात आला तो दिवस. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत सहज आठवडाभर जातो. तुमच्या हाती बहुधा पत्रकाची तारीख असणार. ठीक आहे, पण मग आजचा आकडा पाच-सात दिवसांपूर्वीची परिस्थिती सांगतो आहे हे विसरू नका. दरवाजा आत्ता उघडला म्हणून बंधाऱ्यावर पाणी आत्ताच चढत नाही, तसंच हे. नमुन्याच्या तारखेनुसार आकडे मिळाले तर उत्तम. मात्र तेव्हा शेवटचे तीन-चार दिवस नेहमी कमी दिसतात, कारण त्या दिवसांचे अहवाल अजून यायचे असतात. ते दिवस आलेखात काढू नका, किंवा तुटक रेघेनं काढा.

सात दिवसांची सरासरी आणि दुप्पट होण्याचा काळ

समजा एका क्षेत्रात सोमवार ते रविवार असे रुग्ण आले: १४, २२, १८, १९, २१, १७, ८. बेरीज ११९, सरासरी १७. पुढच्या आठवड्यात: १९, ३१, २६, २७, ३०, २४, ११. बेरीज १६८, सरासरी २४.

आता दुसऱ्या आठवड्याचा रविवार पाहा. ३१ वरून ११ वर आलं, ओसरली साथ, असं रविवारी रात्री ग्रुपवर फिरणार. खरं काय घडलं? रविवारी नमुने कमी घेतले जातात, लॅब कमी माणसांवर चालते, म्हणून आकडा दर रविवारी पडतो आणि मंगळवारी उसळतो. रविवारची तुलना रविवारशीच करायची: ८ चे ११ झाले, म्हणजे वाढच. सात दिवसांची सरासरी वारावारांतला हा फरक पुसून टाकते. गणपती, दिवाळी, नवरात्र, जोतिबाची यात्रा अशा सुट्ट्यांत आणि यात्रांत मात्र सात दिवसांची सरासरीही फसते. त्या दिवसांचा उल्लेख शेऱ्यात करा आणि पुढचा पूर्ण आठवडा जाईपर्यंत निष्कर्ष काढू नका.

१७ चे २४ झाले म्हणजे आठवड्यात ४१ टक्के वाढ. या वेगानं आकडा साधारण १४ दिवसांत दुप्पट होतो. हिशोब सोपा करायला एवढं पाठ ठेवा: आठवड्याला १० टक्के वाढ असेल तर दुप्पट व्हायला सुमारे ५१ दिवस, २५ टक्के असेल तर २२ दिवस, ५० टक्के असेल तर १२ दिवस, आणि आठवड्यात दुप्पट म्हणजे अर्थातच ७ दिवस. लोकांना टक्केवारीपेक्षा हे पटकन कळतं. ‘१४ दिवसांत दुप्पट’ म्हटलं की महिनाभरानंतर चौपट, आणि मग खाटांचं काय, हा विचार आपोआप सुरू होतो.

दोन गावांची किंवा शहरांची तुलना करायची तर दर लाखामागे काढा. आठवड्यात १६८ रुग्ण कोल्हापूर शहरात आले तर दर लाखाला साधारण ३१. तेवढेच इचलकरंजीत आले, जिची २०११ ची लोकसंख्या २.८७ लाखांच्या आसपास, तर ५९. आकडा एकच, भार जवळजवळ दुप्पट.

पण लहान गावात हे गणित चालवू नका. चार हजार वस्तीच्या गावात एक रुग्ण सापडला की दर लाखामागे २५ होतात, दोन सापडले की ५०. ‘प्रमाण दुप्पट’ अशी बातमी तयार, आणि घडलंय काय तर एक माणूस वाढला. छोट्या आकड्यांसाठी एक ठोकताळा वापरा: आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, तेवढा चढ-उतार निव्वळ योगायोगानंही होतो. आठवड्याला ९ रुग्ण असतील तर ३ ते १५ यांमध्ये कुठेही आकडा आला तरी त्याला कल म्हणू नका. १०० असतील तर ८० ते १२०. खरी वाढ याहून जास्त किंवा सलग दोन-तीन आठवडे दिसते.

तपासण्या किती झाल्या, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

मागचंच उदाहरण घ्या. पहिल्या आठवड्यात १,४०० तपासण्यांत ११९ बाधित, म्हणजे ८.५ टक्के. दुसऱ्या आठवड्यात १६८. दोन शक्यता पाहू. तपासण्या १,४०० च राहिल्या असतील तर प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं. साथ नक्की पसरते आहे. पण तपासण्या २,१०० झाल्या असतील तर प्रमाण ८ टक्के. रुग्ण ४१ टक्क्यांनी वाढले, तपासण्या ५० टक्क्यांनी. इथे वाढीचा मोठा भाग जास्त शोधल्यामुळे असू शकतो. एकच १६८, आणि अर्थ दोन.

मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ५ टक्क्यांची मर्यादा सुचवली होती: सलग दोन आठवडे बाधितांचं प्रमाण त्याखाली असेल, तपासण्या पुरेशा असतील, तर साथ आटोक्यात धरावी. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रानं निर्बंधांचे पाच स्तर ठरवले तेही याच प्रमाणावर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटांवर. ५ टक्क्यांखाली आणि २५ टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या, तो पहिला स्तर. २० टक्क्यांवर किंवा ७५ टक्क्यांपेक्षा जास्त खाटा भरलेल्या, तो पाचवा. दुकान किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं हे या दोन आकड्यांवर ठरत होतं, तेव्हा कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांनाही पॉझिटिव्हिटी रेट म्हणजे काय ते पुरतं कळलं होतं.

हे प्रमाण काढताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

छेदात ‘पाठवलेले नमुने’ धरू नका, ‘अहवाल आलेले’ धरा. लॅबमध्ये पाचशे नमुने पडून असतील आणि तुम्ही ते छेदात घेतलेत, तर प्रमाण उगाच कमी दिसतं.

रोजच्या टक्केवारीची सरासरी काढू नका. रविवारी २० तपासण्यांत ६ बाधित, म्हणजे ३० टक्के. सोमवारी ४०० मध्ये ३२, म्हणजे ८ टक्के. दोन्हींची सरासरी १९ येते. खरं प्रमाण ४२० मध्ये ३८, म्हणजे ९ टक्के. आधी आठवड्याच्या दोन्ही बेरजा, मगच भागाकार.

आणि कुणाची तपासणी झाली ते विचारा. बाजारात शिबिर लावून सरसकट सगळ्यांची अँटिजेन चाचणी केली की प्रमाण झपकन खाली येतं. ताप-खोकला असणाऱ्यांचीच आरटीपीसीआर केली की वर जातं. साथ दोन्ही वेळा तीच असते. शक्य असेल तिथे दोन्ही चाचण्यांचे रकाने वेगळे ठेवा. २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉनच्या वेळी तर आणखी अवघड झालं: घरच्या घरी किटवर तपासणारे अनेकजण कुठेच नोंदले गेले नाहीत, आणि १० जानेवारीच्या नव्या सूचनांनुसार लक्षणं नसलेल्या संपर्कातल्या व्यक्तींना, धोका जास्त नसेल तर, तपासणीची गरज उरली नाही. त्या लाटेचा आकडा २०२१ च्या आकड्याशेजारी ठेवून उंची मोजणं म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांनी पाणी मोजणं.

खाटा आणि मृत्यू

तपासण्या कमी-जास्त होतात, पण श्वास लागलेला माणूस रुग्णालयात येतोच. म्हणून लाट भरात असताना भरलेल्या ऑक्सिजन आणि अतिदक्षता खाटा हा भरवशाचा आकडा. तो रुग्णसंख्येच्या मागून, साधारण आठवड्याभरानं चढतो आणि उतरायलाही उशीर लावतो. रुग्ण कमी व्हायला लागले तरी खाटा आणखी काही दिवस भरत राहतात. अशा वेळी ‘आता कशाला जपायचं’ म्हणणाऱ्यांना हा फरक समजावून सांगा.

खाटांच्या आकड्यात बाहेरगावचे रुग्ण असतात. कोल्हापूर हे दक्षिण महाराष्ट्राचं उपचारकेंद्र. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सांगली, निपाणी-बेळगाव पट्टा इथून माणसं इथे येतात. म्हणून भरलेल्या खाटा शहरातल्या लागणीपेक्षा जास्त असू शकतात. पण तुमच्या वडिलांना खाट हवी असेल तेव्हा ती कोणत्या जिल्ह्याच्या रुग्णानं भरली याला अर्थ नसतो. त्यामुळे तो आकडा तसाच, पूर्णच धरा.

‘उपचाराधीन’ किंवा ‘सक्रिय’ रुग्ण हा आकडा मी फारसा वापरू नये असं सांगेन. तो एकूणातून बरे झालेले आणि मृत वजा करून निघतो, आणि ‘बरा झाला’ कधी म्हणायचं हे सरकारी नियमावर ठरतं. ८ मे २०२० च्या नियमानं सौम्य रुग्णांना लक्षणांनंतर दहा दिवसांनी पुन्हा चाचणी न करता घरी सोडता येऊ लागलं. त्यानं सक्रिय संख्या झटकन खाली येऊ शकते, विषाणू मात्र आपल्या गतीनं चालूच असतो.

मृत्यूंचा आकडा सगळ्यांत शेवटी हलतो, लागणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी. म्हणून आजच्या मृत्यूंना आजच्या रुग्णांनी भागू नका: लाट चढताना आजार सौम्य वाटेल, उतरताना भयंकर. आणि मृत्यूंच्या नोंदी गठ्ठ्यानं येतात. १६ जून २०२० ला महाराष्ट्रानं आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले. त्या दिवशी काही आभाळ कोसळलं नव्हतं. ते मृत्यू मागच्या कित्येक आठवड्यांतले होते. असा उंच खांब आलेखात आला की शेऱ्यात कारण लिहा आणि सरासरीत धरू नका.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आकडाही उपयोगी पडतो, कारण त्यात मृत्यूचं कारण काय लिहिलंय यावर काही अवलंबून नसतं. यंदाच्या महिन्याचे एकूण मृत्यू आणि आधीच्या चार-पाच वर्षांच्या त्याच महिन्याची सरासरी, एवढीच तुलना. दोन गोष्टी मात्र सांभाळा. नोंदणी मृत्यू झाला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. शाहूवाडीचा माणूस सीपीआरमध्ये वारला तर नोंद कोल्हापूर शहरात. आणि नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, म्हणून सरता महिना नेहमी अपुरा दिसतो. किमान दीड महिना थांबून मगच तो वाचा.

साथ नसताना काय पाहायचं

रोजची पत्रकं निघतात ती आणीबाणीत. एरवी ती नसतात, आणि पहिली चाहूल तर तेव्हाच लागायची असते. म्हणून शांत काळात आठवड्यातून एकदा तीन आकडे लिहा: प्राथमिक आरोग्य केंद्रातले तापाचे बाह्यरुग्ण, शाळेतली गैरहजेरी, आणि जमल्यास गावातल्या एका मेडिकल दुकानातली पॅरासिटामॉलच्या पाकिटांची विक्री. औषध दुकानदाराला ग्राहकांची नावं विचारायची नाहीत, फक्त पाकिटं किती गेली ते. दुकान दर आठवड्याला तेच असावं.

निव्वळ ताप आणि श्वसनाचा आजार यांत गल्लत नको. इन्फ्लुएन्झासदृश आजाराची व्याख्या ठरलेली आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या १० दिवसांतली. त्यासाठी दवाखान्यात दाखल करावं लागलं तर तो तीव्र श्वसन आजार. हे दोन आकडे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे वेगळे असतात, वेगळेच मागा.

इथल्या ऋतूचं भान हवंच. पावसाळ्यात ताप दरवर्षी वाढतो. जुलैचा आकडा मार्चशी ताडून ‘तिप्पट झाला’ म्हणण्यात काही हशील नाही. तुलना मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्याशी. २०१९ आणि २०२१ ही महापुराची वर्षं होती, ती सरासरीत घ्यायची तर वेगळी खूण करून घ्या. पूर ओसरल्यावर जुलाब, कावीळ आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती असते, आणि साचलेल्या पाण्यामुळे पुढे डेंग्यू. लेप्टोची लक्षणं साधारण दोन दिवस ते चार आठवड्यांत दिसतात, तेव्हा पूर उतरला म्हणून वही मिटू नका. महिनाभर रोज लिहा.

ऊस हंगामात आणखी एक जागा अंधारात राहते. गळीत सुरू झालं की बीड, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) इकडच्या तोडणी टोळ्या शिवारात उतरतात. त्यांची नावं गावच्या लोकसंख्येत नसतात आणि आशाताईंच्या यादीतही बहुधा नसतात. फडात तापाची दहा माणसं असली तरी गावाचा आकडा शून्यच राहतो. टोळीच्या मुकादमाचा फोन घेऊन ठेवा, आठवड्यातून एकदा विचारा, आणि तो आकडा वेगळ्या रकान्यात लिहा.

काही आजारांत मात्र सरासरीची वाट पाहायचीच नसते. घटसर्प, गोवर, कॉलराची शंका, पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, एकाच गल्लीत एका दिवशी अनेकांना जुलाब: यांत पहिल्याच रुग्णाला, त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८.

लोकांना सांगायचं कसं

आठवड्यातून एक संदेश पुरे, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. असा:

‘सोमवार ते रविवार. क्षेत्र: अमुक. नवे रुग्ण १६८, मागच्या आठवड्यात ११९. अहवाल आलेल्या तपासण्या १,४००, बाधित १२ टक्के, मागच्या आठवड्यात साडेआठ. भरलेल्या ऑक्सिजन खाटा इतक्या पैकी इतक्या. माहिती: तालुका आरोग्य कार्यालय. वाढ चालू आहे. ताप असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तपासून घ्या. घरातल्या वृद्धांना वेगळ्या खोलीत ठेवा.’

तारीख, क्षेत्र आणि माहितीचा स्रोत नसलेला संदेश पाठवू नका. तो महिनाभरानं पुन्हा फिरतो आणि तेव्हा तो जुना आहे हे कुणालाच ओळखता येत नाही. चित्र पाठवत असाल तर तारीख चित्रातच टाका.

आलेख काढताना उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. आकडा दहापट-शंभरपट होत असेल तर लॉगरिथमिक मोजपट्टी (जिच्यात प्रत्येक पायरी आधीच्या दहापट असते) वेग दाखवायला चांगली, पण गावच्या ग्रुपवर ती टाकू नका. तिच्यात मोठी वाढ चपटी दिसते आणि लोक निर्धास्त होतात. ती आपल्या अभ्यासापुरती ठेवा.

आणि सगळ्यांत काळजी घ्यायची ती माणसांची. पाचापेक्षा कमी रुग्ण असतील तर गल्ली, वय, व्यवसाय यांपैकी काहीही सांगू नका. ‘पाचाहून कमी’ एवढंच लिहा. लहान गावात ‘एक रुग्ण, वय ६२, दूध संस्थेत कामाला’ म्हणजे नाव सांगितल्यासारखंच. २०२० मध्ये अशा संदेशांमुळे घरांवर बहिष्कार पडले, माणसं लक्षणं लपवू लागली, आणि लपवलेल्या लक्षणांबरोबर आकडेही खोटे झाले. नकाशावर घरांच्या खुणा कधीही करू नका. शहरात प्रभाग आणि खेड्यात पूर्ण गाव, याहून खाली उतरू नका.

साथ फुटली, असं तुम्ही जाहीर करायचं नाही. सलग दोन आठवडे वाढ, सोबत बाधितांचं प्रमाणही वर, असं दिसलं की वही घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा आणि आकडे समोर ठेवा. चार आठवड्यांचा नीट लिहिलेला तक्ता पाहिला की तिथून पथक लवकर निघतं. ‘लई माणसं आजारी हाईत’ एवढ्यावर वेळ जातो.

नोंद थांबवायची कधी? शेवटच्या रुग्णानंतर आजाराच्या अधिशयन काळाच्या (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाच्या) दुपटीइतके दिवस नवा रुग्ण आला नाही की. कोरोनाचा जास्तीत जास्त काळ १४ दिवस, म्हणून २८ दिवस. ते २८ दिवस वहीत रेघ ओढू नका, रोज शून्य लिहा. मग त्या पानांच्या दोन झेरॉक्स काढून एक ग्रामपंचायतीत किंवा तालमीच्या कपाटात ठेवा, दुसरी आरोग्य केंद्रात द्या, आणि आठवड्याच्या तीन आकड्यांचं पान पुढच्या मंगळवारपासून पुन्हा सुरू करा.